वासेयाची पाठमोरी चित्रं

फार वर्षं झाली त्याला. दूर उत्तर अमेरिकेत, समुद्राएवढ्या एका तळ्याकाठी ओजिब्वे लोकांचं एक गाव होतं. तिथल्या वासेया नावाच्या मुलीला लहानपणीच सरकारी माणसांनी लांबच्या इंग्रजी शाळेत नेलं होतं. आठ वर्षांनी ती घरी आली, ती स्वतःची भाषा विसरून.

तिचे आजोबा गीझिक. गावाच्या साऱ्या जुन्या गोष्टी आता त्यांना एकट्यालाच ठाऊक होत्या. बर्फ पडला की ते चुलीपाशी बसून सांगत. वासेयाला एक शब्द कळत नसे. ती त्यांच्या हातांकडे बघे आणि भूर्जाच्या सालीवर कोळशानं चित्र काढी.

एकदा तिनं अस्वल काढलं. आजोबा काहीतरी पुटपुटले. आत्याला दोन्ही भाषा येत. ती हसली. "म्हणतात, हे नुसतं कातडं झालं. अस्वल कुठंय?"

मग वासेयानं अस्वलाच्या आत काळीज काढलं. काळजापासून तोंडापर्यंत रेघ ओढली. तशी ती साल श्वास घेऊ लागली, असं म्हणतात. त्या मुलखात अशी चित्रं आधी कुणी काढली नव्हती.

हिवाळाभरात चाळीस गोष्टींची चाळीस चित्रं भिंतीवर लागली. आजोबांचा आवाज मात्र बसत चालला होता.

मग बर्फ वितळला. त्या लोकांत बर्फ असेपर्यंतच गोष्टी सांगतात. पुढं गोष्टींतले जीव जागे होतात, त्यांना आपलं नाव ऐकू जातं आणि ते दाराशी येतात. पण भिंतीवरची चित्रं बोलतच राहिली. तळ्यातले बेडूक शेकड्यांनी घरात आले आणि चित्रांसमोर बसून राहिले, असं म्हणतात.

शेजारीण ओरडली, "अगं बाई, जाळ त्या साली! माझ्या अंथरुणात शिरलेत मेले!"

आजोबा म्हणाले, "उन्हाळ्यात मी तोंड मिटतो. तुझ्या चित्रांना मिटता येतं का, पोरी?" एवढं तिला आता कळत होतं.

वासेयानं चूल पेटवली. पहिली साल हातात घेतली. पण साली जळाल्या आणि आजोबा गेले, तर मागं काहीच उरणार नव्हतं. तिनं ती साल भिंतीकडे तोंड करून लावली. मग दुसरी, मग तिसरी. चाळिसावी फिरली आणि बेडूक गुमान तळ्याकडे निघाले.

आजोबांनी उलट्या सालींवरून हात फिरवला. "मिटलं की त्यांनीही तोंड," म्हणाले.

त्याच उन्हाळ्यात ते गेले. वासेया पुढं खूप जगली, दर हिवाळ्यात चित्रांवरून त्या गोष्टी सांगत.

अजूनही त्या गावात बर्फ वितळला की घरोघरची चित्रं भिंतीकडे वळवतात. पहिला बर्फ जमिनीवर टिकला की वासेयाचं नाव घेऊन सरळ करतात. मग सगळे गोष्टी ऐकायला बसतात. ज्याला भाषा येत नाही, त्याला चित्राच्या सगळ्यांत जवळची जागा देतात.