वाकोडे सर गेले तर

“मी गेलो तर या पोरींचं काय होईल, भंते?”

भंते विमलसार टेकडीवरच्या विहाराच्या ओट्यावर उन्हात बसले होते. शेजारी धुतलेलं चीवर वाळत होतं. वाऱ्यानं त्याचं टोक उडायला लागलं, तेव्हा त्यांनी त्यावर एक दगड ठेवला.

“कुठं जाताय?”

“पुण्याला. मोठं विद्यापीठ आहे. लाकडी फ्लोअरचं बंदिस्त मैदान, राहायला क्वार्टर... बोलावणं आलंय.”

“अस्सं.” भंतेंनी चीवरावरचा दगड नीट बसवला. “मग पुण्याचं काय होईल?”

वाकोडे सर हसले. मग त्यांचं हसू आपोआप थांबलं. हा प्रश्न त्यांना अजून कुणी विचारला नव्हता.

भास्कर वाकोडे खालच्या गावातल्या कॉलेजात मुलींना बास्केटबॉल शिकवत. ते नोकरीला लागले तेव्हा मैदानाच्या जागी बाभळी होत्या. त्यांनी त्या तोडून घेतल्या, सिमेंट ओतून घेतलं, लोहाराकडून रिंगा करून आणल्या. पोरींना खेळायला पाठवा म्हणून बापांच्या दारात तासन्‌तास उभे राहिले. कुणी पाणी दिलं, कुणी दार लावून घेतलं. आता शेजारच्या जिल्ह्यांतून मुली खास ‘वाकोडे सरांच्या हाताखाली’ खेळायला येत, आणि विद्यापीठाची ढाल सहसा याच कॉलेजात मुक्कामाला असे.

ढालीइतकाच त्यांचा रागही गाजलेला होता. मॅच असली की अर्धं गाव खेळ बघायला यायचं आणि अर्धं गाव सरांना बघायला. टोपी आपटायचे, शिट्टी फेकायचे, रेघेच्या कडेनं वाघासारखे येरझाऱ्या घालायचे. हरलेल्या मॅचनंतर परतीच्या गाडीत कुणी खोकायची नाही.

पुण्याचं बोलावणं आल्यापासून सर हा एकच प्रश्न दिसेल त्याला विचारत सुटले होते. प्राचार्य म्हणाले, “तुम्ही आहात म्हणून बास्केटबॉल आहे. तुम्ही गेलात की संस्थावाले मैदानावर गाड्या लावतील.” बायको म्हणाली, “पोरी उघड्यावर पडतील हो.” टीमची कॅप्टन सुकेशनी तर काही बोललीच नाही, नुसती रडली.

प्रत्येक उत्तरानं त्यांना वाईट वाटायचं. आणि त्या वाईट वाटण्याच्या तळाशी काहीतरी गोड असायचं. ते काय आहे हे त्यांनी कधी वाकून पाहिलं नव्हतं.

विहारात येण्याची सवय त्यांना आईनं लावली. ती होती तोवर पौर्णिमेला भंतेंच्या भोजनदानाचा डबा घेऊन त्यांना टेकडी चढावीच लागे. ती गेल्यावर येणं अधूनमधूनचं झालं. पण आज कुणीतरी ‘जा’ किंवा ‘राहा’ असं ठणकावून सांगावं म्हणून ते आले होते.

“मी तुमची टीम पाहिलेली नाही, उपासक,” भंते म्हणाले. “न पाहिलेल्याचं काय होईल, ते कसं सांगू?”

“मग या ना. उद्या संध्याकाळी या. तुम्हीच बघा.”

दुसऱ्या दिवशी भंते खरोखरच टेकडी उतरून आले. मुलींनी खुर्ची आणली, पाणी दिलं. त्यांनी आधी मैदानाला एक फेरी मारली आणि रिंगेखाली उभं राहून वर पाहिलं.

“या जाळीला बूड नाही?”

“नाही, भंते. चेंडू खालून पडायला पाहिजे.”

“छान,” भंते म्हणाले आणि जाऊन बसले.

त्या दिवशी वाकोडे सरांना चेव चढला होता. पाहुणा बघतोय म्हटल्यावर आवाज आणखी चढला. एकीला जागेवरून हलवलं, दुसरीला बाहेर काढलं, तिसरीला पळायला लावलं. “डावीकडं! डावीकडं गं! डोळे कुठं आहेत तुझे?” सराव संपला तेव्हा मुलींपेक्षा तेच जास्त घामेजले होते. मुली पाया पडून गेल्या. सर टोपीनं वारा घेत भंतेंजवळ आले.

“काय पाहिलंत?”

“तुम्हाला.”

सर खूश झाले, पण तसं दाखवलं नाही. “आणि टीम?”

“टीमही तुम्हालाच पाहत होती.”

“तेच तर म्हणतोय मी! मी नसलो तर...”

“चेंडू जाळीतून पडला,” भंते म्हणाले, “की मुलगी चेंडूकडं पाहत नाही, जाळीकडं पाहत नाही. वळून तुमच्याकडं पाहते. असं का?”

सरांचा वारा घेणारा हात थांबला. एवढी वर्षं मैदानाच्या कडेला उभं राहून हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं... किंवा आलं होतं, आणि सूर्य उगवतो त्यात नवल काय, तसं वाटलं होतं.

“उद्या आपण खेळ ऐकू या,” भंते उठता उठता म्हणाले.

“ऐकू या?”

“तुम्ही न दिसता.”

रात्रभर वाकोडे सरांच्या डोक्यात हेच. ऐकायचं काय? सकाळी चहा पितानासुद्धा ते बशीवर बोटांनी टकटक करत राहिले. बायकोनं विचारलं, तर म्हणाले, “काही नाही. बघायचंय... म्हणजे, ऐकायचंय.”

मैदानाच्या एका अंगाला सामान ठेवायची खोली होती. तिच्या मागच्या भिंतीशी कडुलिंबाखाली भंते आधीच येऊन बसले होते. मुलींना निरोप गेला होता : सर मीटिंगला गेलेत, तुम्ही सुरू करा. वाकोडे सर चोरासारखे वाकून आले आणि भंतेंच्या शेजारी टेकले.

“बोलायचं नाही,” भंते म्हणाले. “उठायचं नाही.”

बराच वेळ भिंतीपलीकडून काहीच ऐकू आलं नाही. मग एक चेंडू आपटला. थांबला. पुन्हा आपटला.

“हे बघा, सुरूच करत नाहीत,” सर कुजबुजले.

भंतेंनी ओठांवर बोट ठेवलं.

हळूहळू चेंडू वाढले. आपटण्याचे आवाज एकमेकांत मिसळले. सरांनी डोळे मिटले आणि त्यांना स्वतःचंच आश्चर्य वाटलं. नुसत्या आवाजावरून त्यांना मुली ओळखू येत होत्या. हा जड, सावकाश चेंडू सुकेशनीचा. हा घाईचा, मध्येच अडखळणारा, तो नगमाचा. ती यंदाच आलेली, टीममधली सर्वांत लहान. सरांना वाटलं, भंतेंना सांगावं. पण बोलायचं नव्हतं.

मग कुणीतरी हसलं.

सरांनी डोळे उघडले. या मैदानावर त्यांनी हसण्याचा आवाज कधी ऐकला नव्हता. हसू एकीचं होतं, त्यात दुसरीचं मिसळलं, आणि पाठोपाठ एक विचित्र ताल सुरू झाला. चेंडू आपटतच नव्हता. नुसते तळहातांचे फट्‌ फट्‌ आवाज, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पासमागून पास, मध्ये एकही ड्रिबल नाही... आणि शेवटी जाळीची सळसळ.

ही चाल त्यांनी शिकवलेली नव्हती.

छातीत काहीतरी टोचलं. पण त्या टोचण्यापेक्षा मोठी होती ती उत्सुकता. कुणी काढली ही चाल? कधी काढली? मी असताना का नाही खेळल्या? ते कान भिंतीला लावून पोरासारखे ऐकू लागले. तीच चाल पुन्हा झाली. या वेळी चेंडू घाईच्या हातात, म्हणजे नगमाच्या हातात गेला, आणि रिंगेवर आदळून लांब कुठंतरी घरंगळत गेला.

हसणं थांबलं.

“घरी भाकरी थापाच्या होत्या त इथं काहून आली?”

आवाज सुकेशनीचा होता. बाकी सगळं सरांचं होतं. ते शब्द, ‘काहून’वरचा तो हेल, वाक्य संपल्यावर समोरच्याला गाडून टाकायला ठेवलेली ती शांतता, सगळं. त्यांनी हे वाक्य कितीदा वापरलं असेल... कॉलेजात आलेल्या प्रत्येक तुकडीवर.

भिंतीपलीकडं एकही चेंडू आपटला नाही. मग नगमाचा बारीक आवाज आला.

“सॉरी, सर.”

वाकोडे सरांना वाटलं, आता सगळ्या हसतील. सुकेशनीला सर म्हटलं म्हणून फिदीफिदी हसतील.

कुणीही हसलं नाही.

सर उठायला गेले. भंतेंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. हात हलका होता, वाळलेल्या पानासारखा. पण सरांना उठता येईना. पलीकडं सराव पुन्हा सुरू झाला. आता चेंडू नेमका आपटत होता, शिस्तीत, एका चालीत. ती फट्‌ फट्‌ पुन्हा ऐकू आली नाही.

थोड्या वेळानं भंतेंनी हात काढून घेतला.

सर खोलीला वळसा घालून मैदानावर गेले. त्यांना पाहताच मुली जागच्या जागी ताठ झाल्या. ते मधोमध जाऊन उभे राहिले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

“मघाशी,” ते म्हणाले, “तुम्ही पासवर पास करत गेलात, ड्रिबल न करता. ते कुणी काढलं?”

मुलींनी एकमेकींकडं पाहिलं. चोरी सापडल्यासारखे चेहरे झाले. शेवटी सुकेशनी पुढं झाली. “चुकलं, सर. पुन्हा नाही होणार.”

“चुकलं नाही. मला कळलं नाही, म्हणून विचारतोय.”

सर वाट पाहत राहिले. वाट पाहणं त्यांना जमत नसे. टोपी या हातातून त्या हातात जात होती.

“म्या काढलं,” नगमा म्हणाली. “घरी भावाइसंगं खेळतो ना सर, त अंगण लहान हाये. चेंडू आपटला का शेजारची बोंबलते. म्हून आपटाचाच नाही.”

सरांनी टोपी कडेला ठेवली. “दाखव. मी कुठं उभा राहू?”

नगमानं आधी सुकेशनीकडं पाहिलं. मग भीत भीत बोट दाखवलं. सर तिथं जाऊन उभे राहिले. पहिलाच पास त्यांच्या हातून निसटला. दुसराही. तिसऱ्या वेळी मागं कुणाला तरी हसू आवरलं नाही, आणि सरांनी वळून पाहिलं नाही.

पुढची हकीगत सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्या वर्षी वाकोडे सर पुण्याला गेले नाहीत. मॅचच्या वेळी खुर्चीवर बसायला शिकले. सुरुवातीला मांडीखाली हात दाबून बसत, आणि तरी मध्येच उसळून उभे राहत. त्या मोसमात ढाल दुसऱ्या कॉलेजात गेली. सरांची मजा गेली म्हणून बघ्यांची गर्दी ओसरली. प्राचार्यांनी त्यांना बोलावून ‘तब्येत बरी आहे ना’ असं विचारलं. सुकेशनीला तर सर्वांत जड गेलं. ती जिच्यासारखी व्हायला धडपडत होती, ती मूर्तीच जागेवरून उठून गेली होती. कित्येक दिवस ती सरांशी धड बोलली नाही. एका संध्याकाळी तिनं नगमाचं कोपर धरून चेंडू कसा सोडायचा ते दाखवलं, एकही शब्द न बोलता. सरांनी ते लांबून पाहिलं आणि दुसरीकडं बघितलं. पुढच्या वर्षी पुण्याहून पुन्हा विचारणा झाली, तेव्हा ते गेले. मैदान आहे. तिथं गाड्या लागलेल्या नाहीत. सध्या सुकेशनीच शिकवते, आणि तिची टीम कधी जिंकते, कधी हरते.

पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी नगमाची चाल शिकून, घामानं निथळत सर भिंतीमागं परत आले, तेव्हा भंते तिथंच बसलेले होते. पलीकडं मुली अजून खेळत होत्या. सर त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

“भंते...”

भंते ऐकत होते.

“ते भाकरीचं वाक्य. सुकेशनी बोलली ते. ते माझं आहे.”

सरांनी मातीवर बोटानं एक रेघ ओढली. मग तळहातानं पुसली.

“म्हणजे... माझंही नाही. मी शाळेत असताना आमचे एक मास्तर होते. ठोसर मास्तर. मी चेंडू सोडला की मला म्हणायचे, पोरींसारखा घरी भाकरी थापायला बस, इथं काहून आला? मी घरी जाऊन रडायचो. आईला कधी सांगितलं नाही.” ते थांबले. “मास्तरांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, भंते.”

भंतेंनी आश्चर्यानं त्यांच्याकडं पाहिलं. मग मान वळवून भिंतीकडं पाहिलं.

“गेले?... आत्ताच तर बोलले.”