वानराची उडी

फार पूर्वी, नदीला अजून कुणी नावही दिलं नव्हतं तेव्हा, पुरात उंबराचं एक खोड वाहत चाललं होतं. त्याच्या ढोलीत एक खार आणि तिची डोळे न उघडलेली पिल्लं होती. खोडावर एक वानर जीव मुठीत धरून बसला होता.

एका वळणावर खोड काठाकडे सरकू लागलं. काठ चार हातांवर आला.

"दादा, जरा दम धर," खार म्हणाली. "खोड काठाला टेकू दे. मग सगळेच उतरू."

"आणि नाही टेकलं तर?" म्हणत वानराने पायांनी खोड रेटलं आणि उडी मारली. तो काठावर पोचला. खोड मात्र त्याच रेट्याने मागे सरकून मधल्या धारेला लागलं.

"मी तुला ढकललं नाही गं!" वानर ओरडला. "मी फक्त पुढे उडी मारली."

"पुढे जायला तू आम्हालाच मागे लोटलंस, दादा," खार म्हणाली आणि ढोलीत पिल्लांजवळ जाऊन बसली.

वानर काठाकाठाने धावला. पुढे कडा होता, तिथून पाणी खाली कोसळत होतं. खोड दिसेनासं झाल्यावरही तो किती तरी वेळ आपल्या पायांकडे बघत बसला होता.