ओढ्याकाठचे मुंगूस

“मुंगूस म्हणजे मुंगूस! नाग पुढे आला की झक मारत उठेल,” सेनापती वज्रबाहू पिंजऱ्यासमोर गरजत होता. “शीलका, अडसर काढ!”

“नाही काढणार,” शीलक म्हणाला. त्याचा हात अडसरावर घट्ट होता.

गोदेकाठच्या नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पशुवाटिकेचा रखवालदार होऊन जन्मला होता. शीलक तो हाच. त्या वर्षी सह्यगिरीच्या रानातून तीन मुंगसे नजराणा म्हणून आली. अंग तांबूस, मानेला दोन्हीकडे काळा पट्टा, शेपटीचा शेंडा काळा. असले मुंगूस नगरात कोणी पाहिले नव्हते. पण वाटिकेचा शिरस्ता पक्का. मुंगूस आले की कोरड्या वाळूचे घर, सकाळी अंडे, सांजेला दूध, आणि सणाला नागाशी झुंज. शीलकाने शिरस्ता एक दिवस चुकवला नाही, आणि दोन मुंगसे त्याच्या डोळ्यांदेखत त्या वाळूत मेली.

मग तो तिसऱ्यापाशी सात दिवस बसून राहिला. मुंगूस पाण्याच्या परळात पंजे घालून तळ चाचपायचे. काही हाती लागले नाही की परळ उलटवायचे आणि ओल्या वाळूवर पोट टेकून पडायचे. सातव्या दिवशी शीलक नदीवर गेला. तिथे खेकडे धरणारी एक म्हातारी होती. जिभेच्या धारेमुळे लोक तिला कंटकी म्हणत. त्याने तिला सारे सांगितले.

“अरे शहाण्या,” ती म्हणाली, “हे ओढ्याकाठचं मुंगूस. दगड उलथून खेकडे खाणारं. माझ्या माहेरच्या रानात असतं. माशाला दूध पाजून पुण्य जोडतोस होय रे?”

शीलकाने मान खाली घातली. तो परत आला तेव्हा सणाची गर्दी जमली होती, नागाची पेटी आली होती, आणि राजा आसनावर बसला होता.

“महाराज,” तो आता राजाला म्हणाला, “दोन जीव माझ्या अज्ञानाने गेले. तिसरा जाणूनबुजून कसा घालवू? चाकरी घ्या, मान घ्या. अडसर निघणार नाही.”

“मुंगसापायी मान देतोय!” सेनापती हसला. “उद्या उंदरापायी राज्य मागेल.”

एवढ्यात कंटकी कोपराने गर्दी सारत आली. तिने गजांतून एक जिवंत खेकडा परळात सोडला. मुंगसाने डोके उचलले. पंजा पाण्यात गेला. कवच कडकन फुटले, आणि ते सगळ्यांनी ऐकले.

“झुंज राहू दे,” राजा हळूच म्हणाला. “पण पिंजऱ्यात हे शोभते. रोज खेकडे घालू.”

“नाही, महाराज,” शीलक म्हणाला, आणि वाद पुन्हा पेटला.

म्हातारीने तो एका वाक्यात मिटवला. राजाने स्वतःच्या हाताने अडसर काढला आणि शीलकाला मुंगसासह सह्यगिरीच्या वाटेला लावले.

त्या जन्मीचा सेनापती तो आताचा देवदत्त, राजा तो आनंद, कंटकी ती उत्पलवर्णा भिक्षुणी, आणि शीलक म्हणजे स्वतः तथागत. दया पुष्कळांना येते; ज्याची दया आली त्याला आधी ओळखून घेणे, ही प्रज्ञा.

आणि म्हातारी म्हणाली होती ते असे: “ठेवायचं तर याचा ओढाही उचलून आणा, महाराज, आणि ओढा उचलवत नसेल तर याला ओढ्यावर पोचतं करा.”