सहा दिवस परत आलेला डबा

एकदा एक शिष्या आपल्या वृद्ध शिक्षिकेकडे रोज दुपारी एक डबा घेऊन जाऊ लागली. शिष्या म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोन वेण्या घातलेली मुलगी येते. ही शिष्या साठीला टेकलेली होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी शाळेत ती याच बाईंकडे गृहशास्त्र शिकली होती, आणि बाई आता चौऱ्याऐंशीच्या होऊन पलीकडच्या गल्लीत तळमजल्यावर एकट्या राहत होत्या.

शिष्येचे यजमान जाऊन दीड वर्ष झाले होते. मुलगा दूरदेशी होता. एका रविवारी फोनवर तो म्हणाला, "आई, आज आम्ही घरी बरिटो केला." तिने लगेच कागद-पेन्सिल घेतली. मैद्याची मोठी पातळ पोळी, तिच्यात भात, राजमा, एखादी भाजी, काहीतरी आंबट, काहीतरी तिखट, आणि मग सगळे घट्ट गुंडाळायचे. इतके ऐकून तिने ते आपल्या पद्धतीने सुरू केले. पहिल्या दिवशी राजमा आणि भाजलेली ढोबळी मिरची. दुसऱ्या दिवशी राजम्याऐवजी मटकीची उसळ. मग पनीर, मग मक्याचे दाणे. आंबटपणासाठी एकदा चक्का, एकदा कैरीचा कीस. सोबतीला कधी टोमॅटो-काकडीची कोशिंबीर, तर कधी तळलेले पापड मोडून त्यावर वितळलेले चीज. माणूस एकटा पडला की त्याच्या हातांना फार काम लागते, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

केलेले सारे ती शेजारी वाटून टाकी. वरच्या मजल्यावरची म्हणे, तिखट झालंय. समोरची म्हणे, अगदीच मिळमिळीत. शिष्या दोघींचे ऐके आणि दुसऱ्या दिवशी त्याप्रमाणे बदल करी. स्वतः मात्र ती काहीच चाखत नसे. तिच्या सासरी स्वयंपाक करताना चाखणे म्हणजे अन्न उष्टे करणे. आधी देवाला नैवेद्य, मग पुरुषमाणसे, मग मुले, आणि शेवटी जे उरेल ते तिला. आता देवापुढे चिमूटभर साखर ठेवून ती मोकळी होत असे, पण हात अजून चमच्यापर्यंत जात नव्हता. सगळ्यांकडे डबे पोचवून झाले की ती ओट्याशी उभ्यानेच ताकाबरोबर कालची पोळी खाई, तीही रोज नाही. मनगटावरचे घड्याळ सैल होऊन फिरू लागले होते. डॉक्टरांनी दोनदा वजन करून दोनदा बजावले होते.

बाईंकडे पहिल्यांदा डबा नेला तेव्हा त्या नुसत्या 'ठेव' म्हणाल्या आणि संध्याकाळी ती तो न्यायला आली तेव्हा त्यांनी जसाच्या तसा परत दिला. झाकण उघडलेलेसुद्धा नव्हते. शिष्येला वाटले, मैदा सोसत नसेल. दुसऱ्या दिवशी तिने कणकेची पोळी केली. तीही परत आली. तिसऱ्या दिवशी भात मऊ केला, चौथ्या दिवशी मिरची काढून टाकली. डबा परत! असे सहा दिवस चालले. सातव्या दिवशी मात्र तिचा धीर सुटला.

"बाई, आवडत नसेल तर तसं सांगा ना. अन्न असं परत पाठवू नये, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"टाकू नये, असं शिकवलं होतं," बाई म्हणाल्या. "मी परत पाठवलेलं तू काय केलंस?"

"वॉचमनला दिलं."

"सहाही दिवस?"

"सहाही दिवस."

बाईंनी सुरी मागितली. डब्यातली गुंडाळी मधोमध कापली, दोन ताटल्या काढायला लावल्या, आणि एक अर्धा तुकडा शिष्येपुढे सरकवला.

"खा."

"मी नंतर जेवेन, बाई."

"नंतर म्हणजे कधी?"

वर्गात दटावल्यावर मुली मुकाट्याने बसत, तशी शिष्या बसली आणि खाऊ लागली. बाईंनी आपल्या ताटलीला हात लावला नाही.

"यात काय कमी आहे?"

"तुम्हीच सांगा ना."

"मी कुठे खाल्लंय? खाते आहेस तू."

हा प्रश्न शिष्येला आजवर कोणी विचारला नव्हता. मीठ बरोबर आहे का, हे तिला पाहुण्यांच्या चेहऱ्यावरून कळे. तिने दुसरा घास घेतला, सावकाश चावला.

"लसूण," ती अखेर म्हणाली. "राजम्याला लसणाची सणसणीत फोडणी हवी होती."

"मग का नाही दिलीस?"

"आमच्याकडे लसूण चालत नाही, बाई."

"आमच्याकडे म्हणजे कोणाकडे?" बाईंनी विचारले. "घरात आता कोण असतं?"

शिष्येने बोलण्यासाठी तोंड उघडले. ह्यांना वास सहन होत नसे. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात तर लसूण आणायचीही सोय नव्हती. तिने मनातल्या मनात एकेकाचे नाव घेतले, आणि एकेक जण नाही, हे तिला त्या दुपारी नव्याने कळले.

"मी," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटले.

बाईंनी तिला रडू दिले. मग म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी चाखून चव सांगितली असती, तर दुसऱ्या दिवशी तू माझ्या चवीचं करून आणलं असतंस. म्हणून उघडलं नाही. तुझं सैल झालेलं घड्याळ दिसत होतं मला. वाटलं होतं, परत आलेलं तरी ही पोटात घालील. बहीण गेल्यावर मीसुद्धा चार महिने तिच्या आवडीचा पांचट चहा पीत होते, बाळ. घरातली माणसं जातात, त्यांच्या आवडीनिवडी मागे राहतात आणि आपण त्यांनाच वाढत बसतो. ज्या घरी एकच माणूस उरलंय, तिथे त्या एकाला उपाशी ठेवून चालत नाही."

शिष्या डोळे पुसून उठली. जाताना तिने भाजीवालीकडून पाव किलो लसूण घेतला. एवढ्या लसणाचे एकटीला काय करायचे, हा विचारही तिने केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा आला नाही. बाईंनी दोनदा दाराकडे पाहिले. सहा दिवस डबा न उघडता परत देणाऱ्या त्या करारी बाईंना त्या दुपारी घर फार मोठे वाटले, हे सांगायला हवे. चार वाजता त्यांनी स्वतःपुरता चहा टाकला.

तिसऱ्या दिवशी शिष्या आली. हात रिकामे होते. डबा परत न्यायला येणे सोडले, तर कोणाच्या दारी रिकाम्या हाताने जाण्याची तिची ही आयुष्यातली पहिलीच वेळ, म्हणून ती उंबऱ्याशीच घुटमळली.

"काल एकटीने ताट वाढून घेतलं, बाई. पहिल्या घासाला रडू आलं. पण खाल्लं. आज परत केलं. आणि..." ती ओशाळली, "आज सगळं मीच संपवलं. तुमच्यासाठी काही उरलं नाही."

बाई कॉटवर जरा सरकल्या आणि त्यांनी तिच्यासाठी जागा केली.