भांडी मंडळाची टेकडीवरची पातेली

नदीकाठच्या एका गावात एक भांडी मंडळ होते. गावातली सव्वाशे घरे त्याची सभासद. कोणाकडे लग्न, बारसे किंवा तेरावे निघाले की मंडळाची मोठी पातेली, पराती आणि झारे त्या घरी जात. काम उरकले की भांडी घाटावर घासायची आणि तिथल्याच खोलीत ठेवायची. घासायला पाणी जवळ हवे, म्हणून खोली नदीला लागून बांधलेली. ही सोय साऱ्यांना मोठ्या अकलेची वाटे.

मंडळाचे अध्यक्ष होते रंगोजीतात्या. सर्वांत तरुण सभासद होती कौतिका. अक्षय्य तृतीयेच्या सभेत ती उठून म्हणाली, “तात्या, खोलीत पुराचं पाणी शिरलं तर?”

“सणाच्या दिवशी अभद्र बोलू नये, पोरी. चाळीस वर्षांत पाणी पायरीला शिवलेलं नाही.”

“नदी कुठं आपली वर्षं मोजते?”

सभा हसली आणि तात्यांकडे पाहून लगेच गप्प झाली.

कौतिका बसली नाही. थोडी भांडी टेकडीवरच्या रिकाम्या गोठ्यात ठेवू, ती म्हणाली. शेजारच्या गावातही असेच मंडळ आहे. एकावर वेळ आली तर दुसऱ्याने भांडी पाठवायची, असे त्यांच्याशी ठरवू.

तात्या म्हणाले, “एवढी हौस आहे ना? मग ती पोचे पडलेली दहा पातेली ने वर, स्वतःच्या डोक्यावरून. शेजारच्या गावालाही तूच विचार.”

त्यांना वाटले, आता ही गप्प बसेल. कौतिकाने सहा सभासद जमवले आणि वैशाखाच्या उन्हात पातेली वर नेली. गोठ्याच्या किल्ल्या तीन घरांत दिल्या. आत भिंतीवर गेरूने लिहिले: सरपण कोणी आणायचे, चूल कोणी पेटवायची, कोणत्या आळीला कोणी हाक मारायची. शेजारच्या गावानेही शब्द दिला. गावात मात्र या साऱ्याला ‘कौतिकाचं खूळ’ हेच नाव पडले.

श्रावणात एका दुपारी नदी गावात शिरली. माणसे धान्याची पोती डोक्यावर घेऊन टेकडीवर धावली. तांदूळ होता, डाळ होती, पण शिजवायला भांडे नव्हते. घाटावरची खोली छपरापर्यंत बुडाली होती. पोरे भुकेने रडू लागली.

किल्लीवाल्यांपैकी दोघे बाजाराला गेले होते. तिसरी सोनाबाई. तिने गोठा उघडला. लोकांनी भिंत वाचली आणि जो तो आपल्या कामाला लागला. दिवस मावळायच्या आत पोरांच्या पुढ्यात गरम खिचडी आली.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरले. शेजारच्या गावाहून भांड्यांनी भरलेल्या दोन बैलगाड्या आल्या. कौतिकाला तात्यांनीच धाडले होते असे समजून त्यांचे अध्यक्ष तात्यांना म्हणाले, “अध्यक्ष असावा तर असा. पुढचं पाहणारा!”

सगळे तात्यांकडे पाहू लागले. ते नुसते हसले असते तरी भागले असते.

“हे माझं नव्हे,” तात्या म्हणाले. “मी तर हिची थट्टा केली होती. काल आमची पोरं जेवली ती हिच्यामुळं.” आणि त्यांनी कौतिकासमोर हात जोडले.

वैशाखापासून कौतिकाने पुष्कळ झोंबरी उत्तरे तयार ठेवली होती. त्यातले एकही तिच्या ओठांवर आले नाही.

“तात्या, मी एकटी काय करणार होते? सहा जण माझ्याबरोबर चढले. सोनाबाईनं किल्ली जपली. ही माणसं एवढ्या चिखलातून गाड्या घेऊन आली. आधी यांना वाढू या.”

“तू बस,” तात्या म्हणाले, “आज मी वाढतो.”

पळी घेऊन तात्या पंगतीत शिरले. प्रत्येक पानापुढे त्यांना वाकावे लागत होते, आणि त्या दिवशी ते त्यांना जड गेले नाही.

तात्पर्य: संकटाचे नाव काढल्याने संकट येत नाही, पण नाव टाळले तर तयारी राहून जाते. चारचौघांच्या संस्थेने ही तयारी सुखाच्या दिवसांतच करावी, आणि ज्याने ती करायला लावली त्याचे आभार मानताना त्याचे वय पाहू नये.