तेलिणीचा घोडा

आधी पाय आत घ्या. सुमे, सगळं पांघरूण तूच ओढू नकोस, भावालाही दे थोडं. आणि आजची गोष्ट भीतीची आहे. मागाहून मला उठवायचं नाही, सांगून ठेवते.

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याला एक तेलीण राहायची. भिवरा तिचं नाव. आईबाप वारलेले. घरात ती, धाकटी बहीण तुळी, तेलाचा घाणा, म्हातारा बैल आणि एक घोडा. घोडा बापानं मरायच्या आधी आठच दिवस बाजारातून आणलेला. बैल थकला, आता याला घाण्याला जुंपू म्हणाला. तेली तो, त्याला घोड्यातलं काय कळणार. काळाकुळकुळीत घोडा, पाठीवर अजून कुणी बसलेलं नाही. दारावरून माणूस गेलं तरी दावं तोडायला बघायचा. भिवरा त्याला लांबून काठीनं वैरण सरकवायची. घाबरायची हो त्याला.

त्या डोंगरावर एक राक्षस होता. भारी आळशी. तीन दिवस झोपायचा, उठला की खायचा, खाल्लं की परत झोपायचा. एके दिवशी तो खाली उतरला आणि तिळाच्या शेतातून तुळीला उचलून घेऊन गेला. जाताना म्हणाला, "आत्ता पोट भरलंय. हिला उठल्यावर खाईन."

म्हणजे तीन दिवस. मोजा बोटांवर.

गाव दारं लावून बसलं. डोंगरावर जायला वाट होती, पण मधे दरी. माणसाला उडी मारून पार होणार नाही एवढी रुंद. घोड्याला झाली असती. आणि अख्ख्या गावात घोडा एकच, भिवराचा.

मग पहिल्या दिवशी भिवरानं काय केलं, बैलाला करतात तेच केलं. मागे उभी राहिली आणि हैक हैक करत शेपटी पिळली. बैल चालू लागला असता. घोड्यानं अशी लाथ झाडली की ती पेंडीच्या ढिगात जाऊन पडली. दिवसभर तिला उठवेना. एक दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी तिनं झापड काढली. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधतात, बरं का. दिसलं नाही म्हणजे तो निमूट गोल फिरतो, त्याला घेरी येत नाही. भिवराला तेवढंच ठाऊक. तिनं कशीबशी घोड्याला झापड बांधली आणि ओट्यावरून त्याच्या पाठीवर बसली.

घोडा जो उधळला, काही विचारू नका. डोळ्यांना दिसत नाही, पाठीवर काहीतरी चढलंय. वाघच वाटला असेल त्याला. काट्यांतून, दगडांतून, सरळ डोंगराच्या वाटेला लागला. भिवरानं आयाळ घट्ट धरलेली. मग घोडा एकदम थांबला. तिनं खाली पाहिलं. घोड्याचा पुढचा एक खूर हवेत होता, आणि खाली दरी.

हलायचं नाही. श्वास घ्यायचा नाही. तू घे गं सुमे, तू कशाला कोंडतेस.

भिवरा अगदी हळू म्हणाली, "थांब रे बाबा. मी पण भ्यायलेय." आणि हात सरकवत सरकवत तिनं झापड सोडली. घोड्यानं दरी पाहिली. एकेक पाऊल करत तो मागे आला. भिवरा उतरली आणि मटकन खाली बसली. घोडाही लटलट कापत होता, अंग घामानं भिजलेलं. तेव्हा तिला कळलं की हा तर आपल्यापेक्षा जास्त भितो. मग ती बोलत बसली त्याच्याशी. तुळीचं सांगितलं, बापाचं सांगितलं. म्हणाली, "तुझे डोळे मी परत बांधणार नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही." घरी जाताना ती पुढे चालली, दावं सैल सोडून. घोडा मागून आला. दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी ती समोरून गेली त्याच्या. हात हुंगू दिला. पेंड चारली. मग पाठीवर बसली. तो थरथरला, पण उभा राहिला. हळूहळू दोघं दरीपाशी आली. ती म्हणाली, "मला बघवत नाही. तूच बघ." घोड्यानं नीट बघितलं, मागे सरला आणि उडी घेतली. मागच्या खुराखालचा दगड निसटला. तो खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

वर गुहेपाशी तुळी खुंट्याला बांधलेली होती. राक्षसानं नुकताच एक डोळा उघडला होता. घोडा बघून त्यानं दुसरा उघडला.

"मला कुणी कधी बसायला घोडा दिला नाही," राक्षस म्हणाला. "घोडा दे, पोरगी ने."

कालच तर भिवरानं घोड्याला शब्द दिला होता. पण तुळी बघत होती ना. माझ्याकडे असं बघू नका, मीही दिला असता. भिवरानं घोड्याच्या मानेला तोंड लावलं, रडली, आणि दावं राक्षसाच्या हाती दिलं. एवढंच म्हणाली, "हळू बोला त्याच्याशी. तो फार भितो."

"भितो तेच बरं," राक्षस हसला. "भितात म्हणून तर सगळे माझं ऐकतात."

आणि टांग टाकून तो वर बसला, टाचा मारल्या आणि जोरात ओरडला. घोडा सुटला. थेट दरीकडे. धुरळा असा उठला की काही दिसेना. मग एक किंकाळी खाली गेली, खूप वेळ जातच राहिली. मग काही नाही.

भिवरानं तुळीला सोडवलं आणि पोटाशी धरलं. दरीपाशी जाऊन बघायचं तिला धाडस होईना. घोडाही गेला, मीच दिला त्याला, असं म्हणत बसली.

मग टापा वाजल्या. अगदी हळू. धुरळ्यातून घोडा आला, पाठ रिकामी. काठावर घोडा थांबला होता, राक्षसाला थांबता आलं नव्हतं.

घोडा लांबच उभा राहिला. भिवरानं त्याला हाक मारली नाही. कोणत्या तोंडानं मारणार? ती मान खाली घालून बसली. घोडा बराच वेळ तसाच उभा होता. मग आपणहून आला, तिच्या खांद्यावर तोंड ठेवलं, आणि तिथं कापत राहिला. तीही कापत होती. दोघांची भीती जाईपर्यंत तुळी गप्प बसून राहिली.

मग दोघी त्याच्या पाठीवर बसल्या, त्यानं परत दरीवरून उडी घेतली आणि तिघं घरी आली. घाणा म्हाताऱ्या बैलानंच फिरवला, सावकाश. तेल थोडं निघायचं, पण पुरायचं. त्या घरात परत कुणी मोठ्यानं बोललं नाही, आणि सगळी सुखात राहिली.

आता ती सगळी निजलीत. तुम्हीही डोळे मिटा. दिवा मी बारीक करते, विझवत नाही.