हात लावू नये

एका कृषी संशोधन केंद्रात एकदा एक वृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ आपल्या विद्यार्थिनीच्या प्रबंधावर सही करायचे थांबले होते. चार वर्षांच्या कष्टांतून तिने एक निष्कर्ष काढला होता: एक विशिष्ट संप्रेरक फवारलं, की टोमॅटोच्या पानांतल्या संरक्षक, म्हणजे अँटिऑक्सिडंट, एन्झाइमची क्रिया दुप्पट होते. वीस कुंड्या फवारलेल्या, वीस तुलनेसाठी तशाच ठेवलेल्या. पानांच्या पाठीलाही औषध लागावं म्हणून ती रोज एकेक पान बोटांनी उलटून फवारायची. तुलनेच्या कुंड्यांपुढे मात्र तिने ठळक अक्षरांत पाटी लावली होती: हात लावू नये.

एक व्यापारी हे औषध बाजारात आणायला टपला होता.

"सर, तुमची फक्त सही. 'अँटिऑक्सिडंट शक्ती दुप्पट', लेबल तयार आहे. शेतकरी वाट बघतोय हो!"

"शेतकरी बघतोय, की तुम्ही? आठ दिवसांनी या."

दुसऱ्या सकाळी विद्यार्थिनी पाहते तो काय, सर पाटी बाजूला सारून त्याच वीस कुंड्यांवर साधं पाणी फवारताहेत. एकेक पान बोटांनी उलटून!

"सर! अहो, ती तुलनेची रोपं आहेत!"

"ठाऊक आहे."

"मग हे काय?"

"पाणी मारतोय."

तिला काही उमजेना. वयाचा परिणाम, की आपल्या यशाचा मत्सर? तिसऱ्या दिवशी तिने पंप लपवला. सर तांब्या घेऊन आले.

आठव्या दिवशी पानं तपासली. औषधाच्या आणि पाण्याच्या, दोन्ही कुंड्यांचे आकडे सारखे निघाले. तिने तीनदा तपासलं, तरी तेच.

"यात तर औषध नव्हतंच," ती पुटपुटली.

"तुझी बोटं होती," सर म्हणाले. "रोज चोळलं, उलटलं, की पानाला जाच होतो आणि रोप बचावाला उठतं. चार वर्षं तू तुझाच हात मोजलास. आणि वाढलं म्हणजे बळ आलं, हे कोणी ठरवलं? आगीच्या बंबांची धावपळ दिसली म्हणून गाव सुखात आहे, असं म्हणतो का आपण?"

"आधीच का नाही सांगितलंत?"

"मला नुसता संशय होता. उत्तर रोपाने द्यायचं असतं, म्हाताऱ्याने नाही."

ठरल्याप्रमाणे आलेला व्यापारी मध्येच म्हणाला, "पण सर, आकडा तर दुप्पटच आहे ना?"

"आकडा खरा आहे. तुमचं लेबल खोटं आहे."

व्यापारी गेला. मग तिने पाटी उतरवली, लपवलेला पंप स्वतःच काढला आणि त्यात साधं पाणी भरलं.

बाटलीवर 'दुप्पट' दिसलं, की दुकानदाराला एवढंच विचारा: न फवारलेल्या रोपाला कोणी हात लावला होता का? तो गोंधळेल. गोंधळू द्या.